डीबीयू: आठ महिने वापरल्यानंतर

मी पॉलिमर बनवतो, आणि डिसेंबरपर्यंत माझं सगळं टिन ऑक्टोएट या धातूच्या उत्प्रेरकावर चालायचं. लॅक्टाइड (लॅक्टिक ॲसिडपासूनचा कड्यासारखा रेणू, ज्याची साखळी होते) १३० अंशांवर वितळवून ढवळत बसा, आणि शेवटी पॉलिमरमध्ये टिन उरतंच. शरीरात जाणाऱ्या पॉलिएस्टरला धातू नको, म्हणून डीबीयू हा धातू नसलेला सेंद्रिय बेस उत्प्रेरक म्हणून घेतला. आता परत फिरणार नाही.

हा बेस साखळी सुरू करणाऱ्या बेंझिल अल्कोहोलच्या ओएचमधला हायड्रोजन हायड्रोजन-बंधाने स्वतःकडे ओढतो. मग त्या ऑक्सिजनला जोर चढतो, तो लॅक्टाइडच्या कार्बोनिलवर जातो, कडं उघडतं आणि उघडलेल्या टोकाला नवा ओएच तयार. पुढचं कडं तिथेच उघडतं. हे सगळं डीसीएम (डायक्लोरोमिथेन) या द्रावकात, खोलीच्या तापमानाला, तासाभरात. बेंझोइक ॲसिड टाकलं की गाडी थांबते.

थंडीत सगळं झकास झालं. १.४४ ग्रॅम लॅक्टाइड, १०.८ मिलीग्रॅम बेंझिल अल्कोहोल, १५ मायक्रोलीटर डीबीयू. थंड मेथनॉलमध्ये ओतलं की पांढरं पॉलिमर खाली बसायचं. हिशोबाने साखळीचं रेणूवजन १४,४०० च्या आसपास.

जुलैत पुण्यात पाषाणला पाऊस लागला आणि जीपीसीवर (साखळ्या लांबीप्रमाणे वेगळ्या करून मोजणारं यंत्र) साखळ्या निम्म्या झाल्या. गंमत म्हणजे एनएमआरवर (रेणूतले हायड्रोजन मोजणारं तंत्र) बेंझिलच्या टोकावरून मोजलं तर आकडा बरोबरच! दोन आठवडे मी जीपीसीच्या कॉलमला शिव्या दिल्या. मग सरांनी विचारलं, "अरे, लॅक्टाइड शेवटचं कधी रिक्रिस्टलाइज केलंस?" म्हणजे विरघळवून, पुन्हा स्फटिक करून शुद्ध. मार्चमध्ये. पाणीसुद्धा साखळी सुरू करतं, पण त्या साखळीला बेंझिल नसतं, म्हणून बेंझिलवरून मोजताना ती दिसलीच नाही. फ्लास्कमध्ये जेमतेम १.८ मिलीग्रॅम पाणी शिरलं, की ते बेंझिल अल्कोहोलइतकेच रेणू झाले. एनएमआरवर ४.३५ पीपीएमजवळचा, प्रत्येक साखळीच्या ओएच-टोकाचा सीएच नीट मोजला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता टोल्युइनमधून रिक्रिस्टलाइज, रात्रभर व्हॅक्यूम आणि डीसीएम ताज्या, पाणी शोषणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हवर. पावसाळ्यात यात सूट नाही.

कॅप्रोलॅक्टोन या दुसऱ्या कड्याच्या रेणूला मात्र एकटं डीबीयू चालत नाही. सोबत थायोयुरिया हा सह-उत्प्रेरक लागतो. टीबीडी हा आणखी एक सेंद्रिय बेस; ते एकटं पुरतं, कारण ते अल्कोहोल आणि एस्टर दोघांनाही धरतं. पण लॅक्टाइडवर ते भलतंच तापट आहे: ०.१ टक्क्यात मिनिटभरात काम संपवतं आणि मग तयार साखळ्याच कापून-जोडत बसतं. एकदा ते टाकून मी चहाला गेलो. परत येऊन जीपीसी काढलं, तर शिखराच्या जागी टेकडी, म्हणजे साखळ्या लहान-मोठ्या झालेल्या.

आता टीबीडी फक्त कॅप्रोलॅक्टोनसाठी. लॅक्टाइडला डीबीयूच, आणि बेंझोइक ॲसिड आधीच वजन करून शेजारी ठेवलेलं.