पाणथळ जमिनीची निगा राखणारी सेवा : दोन हंगामांचा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्याखालची तीन एकर खोलगट जमीन पावसाळ्यात भरते आणि फाल्गुनात कोरडी पडते. तिची निगा राखण्यासाठी भुसावळकडील एका छोट्या गटाची सेवा आम्ही दोन हंगाम घेतली. त्यापूर्वी एका ठेकेदाराने जेसीबीने काठ उभे कापून बेशरमाच्या झुडपांचे तुकडे तिथेच टाकले होते. पहिल्याच पावसात त्या कांड्यांना मुळे फुटली आणि उथळ कडा गेल्यामुळे शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्यांना उभे राहण्यापुरती जागाही उरली नाही.

या गटाने वैशाखात, तळ कोरडा असताना, बेशरम कुदळीने मुळासकट खणून दूर बांधावर उन्हात वाळवले आणि काठांना पुन्हा उतार दिला. पाणकणीस या पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताला मात्र त्यांनी पावसाळाभर हात लावला नाही, कारण त्या दिवसांत कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतात. आश्विनात पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली कापले. बुंधे बुडाले की मुळांपर्यंत हवा पोहोचत नाही आणि ती कुजतात. पाणकोंबड्यांच्या आडोशासाठी एक कोपरा तसाच ठेवला, हे मला विशेष आवडले.

खरे कसब पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीपाशी दिसले. तिच्या तोंडाशी सागाच्या आडव्या फळ्या बसवल्या असून मार्गशीर्षापासून दर पंधरवड्याला एकच फळी काढली जाते. पाणी एकदम सोडले असते तर सगळा चिखल एकाच वेळी वाळून भेगाळला असता; आता ओला पट्टा हळूहळू आत सरकतो, त्यावर तुतवार पक्षी चोच खुपसत फिरतात, मागे लव्हाळा आणि माका उगवतो, आणि उरलेल्या उथळ पाण्यात थापट्या बदके चरतात.

खताचे पाणी उतरून जलपर्णी माजू नये म्हणून मळ्याच्या बाजूला गवताचा पट्टा राखण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी केळीच्या दोन ओळी सोडाव्या लागल्या. वडिलांना ते सुरुवातीला पटले नाही. आता पट्ट्यातले गवत ते स्वतः कापून गुरांना घालतात.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळत होते आणि दोनदा कळवूनही माणूस आठ दिवसांनी आला. तोवर आम्हीच चिकणमाती भरली. येत्या वैशाखात पूर्वेकडचे उरलेले बेशरम काढण्यासाठी त्यांनाच बोलावले आहे, मात्र फळ्या आधी बदलून देण्याच्या अटीवर.