गोल झेनमध्ये घरीच बसवलेलं मोल्डेड कार्पेट: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी मारुतीची जुनी, गोलसर आकाराची झेन. कार्पेट एप्रिलमध्ये बसवलं, आता डिसेंबर संपत आला. मधे मे महिन्याचं ऊन, कोकणातला अख्खा पावसाळा आणि साधारण सहा हजार किलोमीटर. मोल्डेड म्हणजे फ्लोअरच्या आकारात साच्यातून काढलेलं. एकसंध, काळं, पॉलिएस्टरचं कार्पेट आहे, मागे पातळ लॅटेक्सचा थर. मधल्या उंचवट्यावर, म्हणजे गिअर आणि हँडब्रेकच्या भागात, ते नेमकं बसतं. मागच्या सीटच्या कडेला दोन सेंटिमीटर कमी पडतं, पण सीटच्या गादीखाली ते झाकलं जातं. पैसे वसूल आहेत. एकच अट, खालचा पत्रा आधी कोरडा करा.

दुकानात जुन्या कार्पेटवरच व्हिनाइलचं लॅमिनेशन मारून देतात. दोन तासांत गाडी चकाचक दिसते आणि खालचा ओला नमदा (कार्पेटखालचं जाड फेल्ट) कायमचा बंदिस्त होतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचा फ्लोअर सडवायचा याहून सोपा मार्ग नाही.

जुनं काढण्यात अर्धा दिवस जातो. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडायची. या गाडीला एअरबॅग नाही, पण नंतरच्या गाड्यांत सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तार सोडल्यावर काही मिनिटं थांबूनच हात लावा. मग पुढच्या सीटा, मागची गादी, कन्सोल, दाराच्या उंबरठ्यावरच्या पट्ट्या आणि सीटबेल्टचे खालचे बोल्ट. सीटचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं नाही तर आटे जातात. सीटबेल्टचा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. डब्यातला ‘जवळपास तसाच’ मेट्रिक बोल्ट तिथे जोर लावून घुसवू नका, तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी आहे.

जुना नमदा उचलला की पाणी कुठून येतंय ते कळतं. क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला, एसी चालवल्यावरच ओल येत असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल, तर एसीच्या ड्रेन पाइपात कचरा अडकलाय. चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतोय. पावसातच येत असेल तर पुढच्या काचेचं रबर, दाराच्या पॅडमागचा फाटलेला प्लास्टिकचा कागद आणि फ्लोअरमधली रबरी बुचं बघा. कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवून बाहेरून पाइपने पाणी मारलं की पावडरीतून बारीक ओहळ वाट काढत येतो आणि उगम थेट दाखवतो. या गाडीत दोषी निघाला दाराच्या पॅडमागचा कागद. नवं जाड प्लास्टिक कापून ब्यूटिल टेपने चिकटवलं.

गंजाचे पोपडे तारेच्या ब्रशने काढून रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), त्यावर प्रायमर आणि रंग. पत्र्यावर आवाज दाबायला चिकटवलेली डांबरी शीट घट्ट असेल तर उखडू नका. सुटलेली असेल तर तिच्याखाली हमखास गंज असतो. दारं उघडी ठेवून दोन दिवस उन्हात वाळवलं.

खाली काय घालायचं यावर बरीच मतं आहेत. स्पंजचा फोम मऊ लागतो, पण पाणी धरून ठेवतो. सहा मिलिमीटरचा सिंथेटिक नमदा घेतला, साधारण तीन चौरस मीटर लागला. ॲक्सिलरेटरखाली तो अजिबात घालायचा नाही. तिथली जाडी वाढली की पेडल पूर्ण दबत नाही, आणि गाडी का ओढत नाही ते कळायला आठवडे जातात.

कार्पेट घडी होऊन येतं. दोन तास टपावर उन्हात पसरा. उरलेल्या सुरकुत्यांवर मागच्या बाजूने हेअर ड्रायर. हीट गन वापरली तर धागे वितळून चकाकणारा डाग पडतो, तो जात नाही. बसवताना मधला उंचवटा आधी, मग पेडलांमागचा भाग, शेवटी दोन्ही कडा. कडा लगेच कापायच्या नाहीत.

भोकं ही खरी परीक्षा. कार्पेट टाकण्याआधी सीटचे बोल्ट दोन-तीन आटे फिरवून जागेवर ठेवायचे. वरून बोटांनी चाचपलं की टेंगूळ लागतं. तिथे कटरने लहान फुली मारायची, बोल्ट काढायचा, सोल्डरिंग आयर्नने कडा शेकायच्या. धागे सुटत नाहीत. ड्रिल मशीन लांब ठेवा: धागा बिटाभोवती गुंडाळला जातो, आणि बिट पत्र्यातून खाली गेलं तर तिथून ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात. सगळे बोल्ट हाताने धरले गेल्यावरच पान्याने आवळायचे, नाहीतर शेवटचं भोक कधीच जुळत नाही.

सगळं बसल्यावर इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतोय का ते पाहायचं. क्लच आणि ब्रेकही तळापर्यंत दाबून बघा.

आठ महिन्यांचा हिशोब असा. लॅटेक्सचा वास दोन आठवडे होता, काचा थोड्या खाली ठेवल्यावर गेला. पेडलांमागे सिंथेटिक रबराच्या गमने चिकटवलेली कड मेच्या उन्हात सुटली. तिथे आता वेल्क्रोची पट्टी आहे आणि ती टिकलीय. टायरचा आवाज थोडा कमी झाला, इंजिनाचा होता तेवढाच आहे. ड्रायव्हरच्या टाचेखाली धागे चेपून चमकायला लागलेत. या कार्पेटला टाचेचा रबरी तुकडा दिलेला नाही, ही खरी उणीव. वरून मॅट टाकली तर एकच, तीही हुकाला अडकवलेली. मॅटवर मॅट सरकून पेडलाखाली जाते. काळ्या रंगावर तांबडी माती लगेच दिसते, करडा मिळाला असता तर तोच घेतला असता.

जुलैत दर रविवारी उंबरठ्याची पट्टी उचलून नमद्याखाली हात घातला. फक्त एकदा ओल लागली, मागच्या डाव्या कोपऱ्यात. फ्लोअरचं रबरी बूच नीट दाबलं गेलं नव्हतं.