ड्रॉप की रिजेक्ट? पोर्ट-स्कॅनसमोर फायरवॉलची निवड

पोर्ट-स्कॅन म्हणजे यंत्राचे कोणते पोर्ट (नेटवर्क सेवांचे क्रमांकित दरवाजे) उघडे आहेत ते बाहेरून तपासणं. फायरवॉलचा ड्रॉप नियम एनमॅप या स्कॅनरचं पॅकेट गिळून टाकतो, उत्तरच देत नाही. स्कॅनर पुन्हा पुन्हा पाठवतो, वेळ खातो, पोर्ट ‘फिल्टर्ड’ (गाळणीमागे, म्हणजे उघडा की बंद ते कळत नाही असा) दाखवतो. पण मध्ये फायरवॉल आहे, हेही त्यातूनच कळतं. शिवाय नियम चुकला तर आपलाच लिनक्स क्लायंट डिफॉल्ट सेटिंगमध्ये सिन (जोडणी सुरू करणारं पॅकेट) पुन्हा पुन्हा पाठवत दोन मिनिटांहून जास्त लटकतो.

रिजेक्ट नियमही पॅकेट अडवतो, पण नकार कळवतो, म्हणून चूक क्षणात सापडते. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉल साधनात) मात्र टीसीपी-रिसेट (जोडणी नाकारणारं टीसीपी उत्तर) स्पष्ट लिहा, तरच पोर्ट ‘क्लोज्ड’ दिसतो. नाहीतर आयसीएमपी (नेटवर्कचे त्रुटी-संदेश नेणारा प्रोटोकॉल) उत्तर जातं आणि पुन्हा ‘फिल्टर्ड’च.

बाहेरच्या बाजूला ड्रॉप, अंतर्गत नेटवर्कवर रिजेक्ट, हेच आम्हाला पटतं. नियमातून सुटलेला 5432, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट, दोन्हींत उघडाच राहतो. बाहेरून वापर नसेल तर पोस्टग्रेस 127.0.0.1 वरच (त्याच यंत्रापुरत्या पत्त्यावर) ऐकू द्या.