एसईसी की बिग टेन: तुमचे शनिवार कुणाला द्याल?

ऑगस्ट उजाडला की ओळखीतले दोनतीन जण तरी हा प्रश्न विचारतात. अमेरिकन कॉलेज फुटबॉलची गोडी लागलेली असते, पण स्वतःचं शिक्षण अमेरिकेत झालेलं नसल्यामुळे ‘आपलं’ असं विद्यापीठ नसतं. सगळं पाहायला वेळ नाही, मग एसईसी पाहावी की बिग टेन? (ही विद्यापीठ संघांच्या दोन बड्या गटांची, म्हणजे कॉन्फरन्सची, नावं: एसईसी मुळात दक्षिणेतली, बिग टेन मुळात उत्तरेतली.) मी काही वर्षं जॉर्जियात काढली, आता ओहायोत राहतो. दोन्हीकडचे शनिवार मनापासून जगलो आहे आणि निवड केली आहे. तुमची वेगळी असू शकते.

केवळ पराक्रम पाहायचा तर एसईसीसमोर हात जोडावेत. २००६ ते २०१२ सलग सात राष्ट्रीय विजेतेपदं, आणि २००६ ते २०२२ या १७ हंगामांत एकूण १३. मुंबईने रणजी करंडक सलग १५ वर्षं जिंकला, त्या काळाची आठवण यावी असा हा दबदबा. शिवाय तो एकट्या अलाबामाचा नव्हता. फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), ऑबर्न, जॉर्जिया या सगळ्यांनी त्यात वाटा उचलला. त्याच काळात बिग टेनच्या पदरी एकच विजेतेपद पडलं, २०१४च्या ओहायो स्टेटचं.

आणि मग वारं फिरलं. २०२३ला मिशिगन, २०२४ला ओहायो स्टेट, २०२५ला इंडियाना: तिन्ही विजेते बिग टेनचे. या तीन हंगामांत एसईसीचा एकही संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले हे कारण बरेच जण देतात, पण ते जानेवारी २०२४मध्ये गेले आणि मिशिगनने तर त्यांच्या शेवटच्या अलाबामाला रोझ बोलमध्ये (उपांत्य सामन्यात) हरवलं होतं. मला मोठं कारण २०२१मध्ये दिसतं. त्या वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली आणि एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलण्याचीही. दक्षिणेतल्या बड्या संघांची खरी ताकद त्यांच्या राखीव बाकावर बसलेली असायची. दुसऱ्या कुठल्याही संघात पहिल्या दिवसापासून खेळतील अशी मुलं तिथे दोनदोन वर्षं वाट पाहायची. आता ती थांबत नाहीत. इतकंच काय, खेळणारेही उठून येतात: केलेब डाउन्स अलाबामाहून आणि क्विनशॉन जडकिन्स ओल मिसहून (म्हणजे एसईसीच्याच मिसिसिपी विद्यापीठातून) ओहायो स्टेटला आले आणि पहिल्याच हंगामात विजेते ठरले. उत्तरेतल्या मोठ्या विद्यापीठांकडे माजी विद्यार्थ्यांचा पैसा आधीपासून होता. तो उघडपणे खर्च करायची वाट मोकळी झाली. इंडियानाची गोष्ट तर विलक्षण आहे. दशकानुदशकं हरत आलेला संघ प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींनी दोन हंगामांत १६-० (सोळा विजय, एकही पराभव नाही) पर्यंत नेला.

तरीही विजेतेपदांची बेरीज बघून शनिवार ठरवू नयेत असं मला वाटतं. अंतिम सामना जानेवारीत एकदाच होतो, तुम्हाला मात्र सप्टेंबरपासून दर आठवड्याला टीव्हीसमोर बसायचं असतं. इथे एसईसीचं एक बलस्थान मान्य करायलाच हवं: तिथला मधल्या फळीतला संघही कुणालाही धक्का देऊ शकतो. ऑक्टोबर २०२४मध्ये व्हँडरबिल्टने पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. बिग टेनच्या मधल्या फळीत अजूनही पंटवर पंट (चेंडू लाथेने लांब मारून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं) चालतात. २०२२मध्ये आयोवाने एकही टचडाउन न करता, एक फील्ड गोल (तीन गुण) आणि दोन सेफ्टींच्या (प्रत्येकी दोन गुण) जोरावर, साउथ डकोटा स्टेटला ७-३ असं हरवलं होतं. मला असा खेळही आवडतो, पण नवख्या माणसाला तो पचायला जड जातो. वातावरणात तर दक्षिण पुढेच आहे, त्यात नोव्हेंबरची थंडी धरली तर ओहायोत स्टेडियमवर जायला हौसच लागते.

एवढं असून माझं पारडं फिरलं ते नोव्हेंबरमुळेच.

मी जॉर्जियात असताना एका नोव्हेंबरात माझा आतेभाऊ साताऱ्याहून आला होता. त्याला एक सामना प्रत्यक्ष दाखवायचा होता आणि तो असतानाचा घरच्या मैदानावरचा एकच शनिवार मिळत होता. प्रतिस्पर्धी होतं खालच्या विभागातलं एक छोटं कॉलेज, पैसे मोजून हरायला बोलावलेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्येच मुख्य क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) टोपी घालून बाजूला बसला. मध्यंतरानंतर विद्यार्थ्यांचा भाग जवळजवळ रिकामा. समोर दमछाक झालेली ती मुलं मार खात होती आणि तो खेळ बघवत नव्हता. सप्टेंबरमध्ये अशा लुटूपुटूच्या लढाया सगळेच खेळतात, बिग टेनही. पण हंगाम ऐन रंगात आलेला असताना, प्लेऑफच्या (विजेतेपदाच्या बाद फेरीच्या) जागा ठरत असताना, एक अख्खा शनिवार असा जावा?

आणि हे एकदाच घडलेलं नाही. १८ नोव्हेंबर २०२३, आयर्न बोलच्या, म्हणजे अलाबामा–ऑबर्न लढतीच्या, आधीचा शनिवार: अलाबामा ६६, चॅटनूगा १०. त्याच दिवशी मिशिगन मेरीलँडच्या मैदानावर ३१-२४ असा झुंजून जिंकत होता, पुढच्या शनिवारी ओहायो स्टेटशी गाठ असूनही. २३ नोव्हेंबर २०२४ला जॉर्जियाने कॉन्फरन्सबाहेरच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला बोलावलं. ओहायो स्टेटसमोर होता पाचव्या क्रमांकाचा इंडियाना. २०२५मध्ये आयर्न बोलआधी पुन्हा तेच: अलाबामा ५६, ईस्टर्न इलिनॉय ०. बिग टेनमध्येही तेव्हा सामने एकतर्फी होतात, त्याच शनिवारी ओहायो स्टेटने रटगर्सला ४२-९ असं लोळवलं. पण रटगर्स निदान त्याच कॉन्फरन्सचा संघ आहे. त्या निकालाने क्रमवारी हलते.

यामागचं गणित साधं आहे. बिग टेन २०१६पासून कॉन्फरन्सचे नऊ सामने खेळते, एसईसी आठवरच अडून राहिली. तो वाचलेला शनिवार मोठ्या लढतीआधीच्या विश्रांतीसाठी वापरला गेला. आता २०२६पासून एसईसीही नऊ सामने खेळणार आहे. उशिरा का होईना, फार चांगला निर्णय. तरी कॉन्फरन्सबाहेरचे तीन सामने उरतातच, आणि त्यातला एखादा नोव्हेंबरात ठेवायची जुनी सवय लगेच सुटेल असं मला वाटत नाही.

तुम्ही अटलांटा किंवा नॅशव्हिलच्या आसपास राहत असाल, ऑफिसात सोमवारी सगळे एसईसीवरच बोलत असतील, तर बिनधास्त तिकडेच जा. शेजाऱ्यांसोबत पाहण्याची मजा कुठल्याही वेळापत्रकापेक्षा मोठी. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नोव्हेंबरच्या शनिवारी येत असेल तर ते रिकामे शनिवार सोयीचेही पडतील. असं काही बंधन नसेल तर मी बिग टेन सुचवीन. सुरुवात ओहायो स्टेट–मिशिगन लढतीच्या आदल्या शनिवारापासून करा, आणि त्या दिवशी दोघांचेही सामने पाहा.