खारीची शुगर, खारीचं कुशिंग आणि माझी वही : दहा महिन्यांनंतर

आधी आकडा सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा तोच कुणी सांगत नव्हतं. आमच्या कुत्रीच्या, खारीच्या, मधुमेहावर आणि कुशिंगवर (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन फार वाढतं तो आजार) नोव्हेंबर ते सप्टेंबर, पेट्रोल धरून १ लाख ९६ हजार रुपये. त्यात औषधांचे निम्म्याहून बरेच कमी. बाकी सगळे तपासण्यांत आणि चुका निस्तरण्यात गेले. त्यातल्या दोन चुका आमच्या स्वतःच्या होत्या.

खारी म्हणजे आमची स्पिट्झ. वजन ९ किलो, वय साडेनऊ, गर्भाशय काढलेलं. नाव रंगावरून पडलं. गेल्या पावसाळ्यात तिचं पाण्याचं भांडं दिवसातून पाच-पाच वेळा भरावं लागायला लागलं. पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले, थंडीतही पंख्याखाली बसून धापा टाकायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. त्याआधी खाजेसाठी एका दवाखान्यात तिला दर महिना-दीड महिन्याने एक इंजेक्शन मिळायचं आणि दोन दिवसांत खाज गायब व्हायची. ते स्टेरॉइड होतं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. स्टेरॉइडने शुगर वाढते, शिवाय बाहेरून सतत दिलेलं स्टेरॉइड कुशिंगसारखीच लक्षणं आणतं. नवीन डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ते बंद केलं, नाहीतर पुढच्या तपासण्यांना काही अर्थच उरला नसता.

नोव्हेंबरमध्ये शुगर निघाली ४८०. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा इन्सुलिनवरच चालतो आणि जन्मभर चालतो. आम्हाला माणसांचंच एनपीएच इन्सुलिन दिलं, यू-४० ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) बाटली, दीडशे रुपयांच्या आसपास. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, पोटभर खाल्ल्यावरच. सुरुवात ४ युनिटने. सुई टोचताना माझेच हात थरथरत होते, ती मात्र वाटीतलं चिकन संपवण्यात दंग.

पहिली चूक इथेच झाली. एकदा सिरिंज संपल्या, म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून दुसऱ्या आणल्या. जुन्यांचं टोपण लाल होतं, यांचं केशरी. मला वाटलं कंपनी वेगळी असेल. केशरी टोपणाची सिरिंज यू-१०० इन्सुलिनसाठी असते. तिच्यावरच्या १० च्या रेघेपर्यंत यू-४० भरलं तर प्रत्यक्षात ४ युनिटच जातात. आठवडाभर आम्ही तिला निम्म्याहूनही कमी इन्सुलिन देत होतो आणि शुगर उतरत नाही म्हणून रडत होतो. चूक लक्षात आली ती सासूबाईंमुळे. त्यांनी चष्मा लावून दोन्ही सिरिंज शेजारी धरल्या आणि विचारलं, "अगं, यावरच्या रेघा वेगळ्या का आहेत?" उलटी गफलत झाली असती, म्हणजे यू-१०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर अडीचपट डोस जाऊन खारी त्याच दिवशी जाऊ शकली असती.

बरोबर सिरिंज आल्या तरी डोस चढतच गेला. ८, १०, १२, शेवटी १४ युनिट. मध्ये एकदा लघवीचं कल्चर केलं, कसलाही त्रास दिसत नसताना त्यात जंतुसंसर्ग निघाला. साखर उतरलेल्या लघवीत जंतूंचं फावतं, आणि संसर्ग असला की इन्सुलिन नीट लागू होत नाही. अँटिबायोटिकने थोडा फरक पडला, थोडाच. वजनाच्या किलोमागे दीड युनिटच्या वर इन्सुलिन देऊनही शुगर ऐकत नसेल तर दुसरं काहीतरी तिला अडवतंय, असं डॉक्टर म्हणाले. ते दुसरं काहीतरी म्हणजे कुशिंग, शरीरात कॉर्टिसोलचा पूर.

त्याची तपासणी दिवसभराची. सकाळी रक्त, मग डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा अगदी छोटा डोस, चार तासांनी रक्त, आठ तासांनी पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्याचं कॉर्टिसोल त्या डोसने खाली दबतं, खारीचं दबलं नाही. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या अॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांजवळच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या) मोठ्या दिसल्या, म्हणजे मूळ बहुधा त्यांना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत. बहुसंख्य कुत्र्यांत ते तिथेच असतं. यासाठी नाशिक-मुंबई दोनदा करावं लागलं, कसारा घाटात तिला एकदा उलटी आणि मला एकदा रडू.

जानेवारीच्या शेवटी ट्रायलोस्टेन सुरू झालं. १० मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, जेवणासोबतच. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. आमच्या मेडिकलवाल्याने नावही ऐकलं नव्हतं. ऑर्डर देऊन मागवावी लागते, महिन्याला साडेसहा हजार. ती फोडायची नाही, अर्धी करायची नाही. गरोदर बाईने तर हातही लावायचा नाही. भाची बाळंतपणाला आली होती तेव्हा डबी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवत होते. या गोळीने पिट्युटरीतली गाठ बरी होत नाही, फक्त कॉर्टिसोल तयार होणं अडतं. तरी तीन आठवड्यांत पाण्याचं भांडं दिवसातून दोनदाच भरायला लागलं. केस परतायला चार महिने लागले. औषध म्हणून माझी तक्रार शून्य.

पण दोन आजार म्हणजे दोन वेगळी खाती, असं मी धरून चालले होते. शुगरच्या गोष्टी एका डॉक्टरला सांगायच्या, कुशिंगच्या दुसऱ्याला. कॉर्टिसोल उतरलं की इन्सुलिनला अडवणारा उरत नाही, आणि कालपर्यंत अपुरे पडणारे १४ युनिट आज जीवघेणे ठरतात, हे मला कुणी ठासून सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. फेब्रुवारीत एका दुपारी बाराच्या सुमारास खारी भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. मागचे पाय लटपटत होते, हाक मारली तरी वळेना. थोड्या जागेचे केस काढून कातडीवर लावलेला शुगर मोजणारा सेन्सर स्कॅन केला तर नुसतं 'लो'. तो ४० च्या खाली आकडा दाखवतच नाही. हिरड्यांवर मध चोळत दवाखाना गाठला. ग्लुकोज, एक रात्र निगराणी, साडेअकरा हजार. डोस १४ वरून थेट ८ वर आला.

सेन्सरविषयी पुष्कळजण विचारतात. माणसांचाच तो, १४ दिवस चालतो असं खोक्यावर लिहिलेलं. खारीवर चार लावले, साधारण १९ हजार गेले. एक ११ दिवस टिकला, दोन प्रत्येकी आठवडाभर, आणि एक तिने सोफ्याला घासून दुसऱ्याच दिवशी काढला. कुशिंगमध्ये कातडी कागदासारखी पातळ होते, त्यामुळे गोंदाखाली पुरळ उठलं. तरीही ट्रायलोस्टेन सुरू करतानाच्या पहिल्या महिन्यात तो लावाच असं मी म्हणेन. रात्री दोनची शुगर दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार? नंतर गरज नाही. आता आम्ही महिन्यातून एकदा कानाच्या कडेला टोचून दिवसभराचे आकडे काढतो. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची शुगर सहसा खरीपेक्षा कमी दाखवतो, म्हणून डॉक्टरांच्या यंत्राशी तीन वेळा ताडून पाहिलं आणि फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

दुसरी चूक होळीची. संध्याकाळी खारीने जेवणाला तोंड लावलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, तिला काही दिलंत का?"

"एवढासा तुकडा. सणासुदीला मुकं जनावर नुसतं बघत बसतं गं."

पुरणपोळी, वर साजूक तूप. मधुमेह आणि कुशिंग असलेल्या कुत्र्याच्या रक्तात चरबी आधीच वाढलेली असते, त्यांच्या स्वादुपिंडाला सुजायला निमित्तच हवं असतं. रात्रभर उलट्या. सकाळी लघवीच्या पट्टीवर किटोनचा (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतंय याची खूण) चौकोन गडद जांभळा. पाच दिवस सलाईन, त्यातूनच इन्सुलिन, खाणं सुरू होईपर्यंत ट्रायलोस्टेन बंद. ४६ हजार. त्या तुकड्यानेच झालं की होणारच होतं, हे डॉक्टरही छातीठोक सांगेनात. सासूबाई मात्र तेव्हापासून स्वतः वजनकाट्यावर तिचं चिकन आणि दुधी मोजतात, माझ्यापेक्षा काटेकोर. मी त्यांना त्यावरून एकदाही बोलले नाही. सिरिंज माझ्यामुळे चुकली होती.

डोळ्यांचं थोडक्यात. एप्रिलपर्यंत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेही काही आठवड्यांत. मधुमेही कुत्र्यांत बहुतेकांना तो होतोच. शस्त्रक्रियेचा अंदाज लाखाच्या वर सांगितला. शुगर स्थिर नव्हती, पैसेही नव्हते, आम्ही नाही म्हटलं. आतली सूज उतरायला थेंब चालू आहेत, तेही स्टेरॉइड नसलेले, हे मी दर वेळी बाटली उलटून वाचते. ती घरात सराईतपणे फिरते, फक्त पाहुण्यांनी चपला वाटेत काढल्या की अडखळते. विमा काढायला गेलो तेव्हा उशीर झाला होता, आधीपासूनचे आजार त्यात बसत नाहीत.

सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती ४० रुपयांची वही. तारीख, किती खाल्लं, किती युनिट, पाण्याची किती भांडी, शी कशी, झोप कशी. जूनमध्ये ती सुस्त झाली आणि अर्धं जेवण सोडायला लागली, तेव्हा वही उलटून पाहिल्यावर लक्षात आलं की पाणी गरजेपेक्षाही कमी झालंय. गोळी त्याच दिवशी थांबवून फोन केला. कॉर्टिसोल फारच खाली गेलं होतं. आणखी दोन दिवस गेले असते तर ते ४६ हजारांच्या बिलाचं भावंड झालं असतं. ग्रंथीला उत्तेजन देऊन करायची जी तपासणी असते, तिचं इंजेक्शन आम्हाला दोनदा मिळालंच नाही. तेव्हा डॉक्टरांनी गोळी देण्याआधीच्या रक्तातलं कॉर्टिसोल आणि ही वही, एवढ्यावर डोस ठरवला.

सध्या इन्सुलिन ६ आणि ६, ट्रायलोस्टेन एकदा १० आणि एकदा ५ (५ ची कॅप्सूल वेगळी). दिवसभराची शुगर १२० ते २६० मध्ये राहते. महिन्याचा खर्च नऊ हजारांवर आलाय. गणपतीत मोदकांचं ताट दारामागे, उंच फडताळावर होतं, आणि खारी पाचही दिवस त्याच्या बरोबर खाली झोपली. पुढचं रक्त दसऱ्यानंतर.