बलांची आकृती की ऊर्जेचा हिशेब?

नौपाड्यातली माझी भाची अकरावीला. परवा घर्षणाची गणितं पुढ्यात टाकून म्हणाली, "मामा, दरवेळी एफबीडी, म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या बलांची आकृती, काढायचीच का? मैत्रीण ऊर्जेने दोन ओळींत सोडवते."

मग एकच गणित दोन्हींनी केलं. घोडबंदर रोडवर ताशी 36 किमीने, म्हणजे सेकंदाला 10 मीटरने जाणारी स्कूटर, ब्रेक दाबताच दोन्ही चाकं लॉक. घर्षणांक 0.5, जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण 10 धरलं. ऊर्जेने: स्कूटरची गतिज ऊर्जा बरोबर घर्षणाचं कार्य, वस्तुमान दोन्हीकडून उडालं आणि वेगाचा वर्ग 100 भागिले (2 × 0.5 × 10), म्हणजे 10, अंतर 10 मीटर. संपलं! आकृतीने लंब बल, घर्षण, मंदन 5, मग कुठे तेच उत्तर. पण सोबत वेळही निघाला, 2 सेकंद. ऊर्जेच्या समीकरणात वेळ नसतोच.

खरी गोची स्थितिक घर्षणाची, म्हणजे वस्तू सरकत नसतानाच्या घर्षणाची. पोळपाट 30 अंशांत तिरका धरून त्यावर 2 किलोचा डबा ठेवला. घर्षणांक 0.8 मानला, डबा हलत नाही. घर्षण किती? भाचीने घर्षणांक आणि लंब बलाचा गुणाकार करून 13.9 न्यूटन लिहिलं. ती कमाल मर्यादा झाली. उतारावरून डबा खाली ओढणारं बल 10 न्यूटन, म्हणून घर्षणही 10च. इथे काही सरकतच नाही, तर ऊर्जा काय बोलणार?

गुळगुळीत वक्र घसरगुंडीवर खालचा वेग हवा असेल तर मात्र आकृतीच्या वाटेला जाऊ नये.

फक्त अंतर किंवा वेग विचारलाय आणि घड्याळ पळतंय, तर ऊर्जा. वेळ, दोरीतला ताण किंवा "सरकेल का?" असेल, तर पेन्सिल काढ.