सोलर बसवला आणि विजेचं बिल दुप्पट झालं

धायरीत आमचं रो-हाउस आहे. घरात तीन माणसं: मी, आमचे हे आणि 84 वर्षांच्या सासूबाई. गच्ची मोकळी, ऊन भरपूर आणि खाली दोन बाथरूममध्ये दोन म्हातारे गिझर. 2024ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात एक तरुण मुलगा फाइल घेऊन दारात आला. नीटनेटका शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं "मावशी, मावशी". मी हायस्कूलला तीस वर्षं गणित शिकवलं. समोरचा आकडे कसे फिरवतो ते मला लगेच कळतं, असा माझा समज होता.

त्याचं म्हणणं असं: 200 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर, किंमत 46,000. त्यातले 14,000 पीएम सूर्यघर योजनेतून तीन महिन्यांत खात्यात परत. म्हणजे पडणार 32,000. वर महापालिकेच्या करात सूट मिळते, ती वेगळी.

मी विश्वास का ठेवला? कारण खोटं बोलताना त्याने बरंच खरंही सांगितलं होतं. सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, ती रोज बातम्यांत होती. पुणे महापालिका सोलरवाल्यांना कर सवलत देते, हेही खरं. आणि आमच्या शेजाऱ्यांनी 2012 मध्ये पाणी तापवणारा सोलर बसवला तेव्हा त्यांना सरकारी अनुदान मिळालं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते अनुदान 2014 मध्ये बंद झालं, हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचंही सुचलं नाही. सूर्यघरचे पैसे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलला मिळतात: 1 किलोवॅटला 30,000, दोनला 60,000, तीन किंवा त्याहून जास्तला 78,000. पाणी तापवणाऱ्या सोलरचा त्या योजनेशी काहीही संबंध नाही. मी संकेतस्थळ उघडून पाच मिनिटं वाचलं असतं तर पोराला चहा न देताच परत पाठवला असता. उलट "सबसिडीच्या फॉर्मसाठी" म्हणून त्याने मागितलेले आधार, वीजबिल आणि पासबुकाचे फोटो मी स्वतः काढून पाठवले.

मग चुंबकाचा प्रयोग. टाकीचा नमुना म्हणून सोबत आणलेल्या पत्र्याच्या तुकड्याला त्याने खिशातलं चुंबक लावलं. ते घसरून खाली पडलं. "बघा मावशी, चिकटत नाही. अस्सल 304 ग्रेडचं स्टील. बनावट असतं तर चिकटलं असतं." आमचे हे खूश. मीही मान डोलावली. शाळेत प्रयोग करून दाखवला की पोरं गप्प बसतात, तसंच आमचं झालं.

20,000 रोख आणि 26,000 मोबाइलवरून दिले. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. ते मला खटकलं. पण तोवर माणसं टाकी गच्चीवर चढवत होती, आणि अशा वेळी आडकाठी घालायला जीभ रेटत नाही. पक्क्या बिलाचं विचारलं तर म्हणाला, "जीएसटी 12 टक्के, मावशी. साडेपाच हजार उगाच वाढतील." साडेपाच हजार वाचवायला मी कच्ची पावती घेतली. पुढे ही पावती मला सगळ्यात महाग पडली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी इतकं गरम की बादलीत निम्मं गार घालावं लागे. सासूबाईंना दुपारी गुडघे शेकायची सवय. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "आमच्याकडे कधीही नळ उघडावा, कढत पाणी." डिसेंबरात दोन दिवस ढगाळ गेले तरी पाणी तसंच. मला तर अभिमानच वाटला. ढगातही काम करतो म्हणे!

नोव्हेंबरचं बिल 148 युनिटचं होतं. डिसेंबरचं आलं 271. मी दोष दिला पाहुण्यांना. जानेवारीत 306 झाले आणि महावितरणचा 300 युनिटांचा टप्पाही ओलांडला, म्हणजे वरच्या युनिटांना दरही चढा. ह्यांनी मीटर बदलून मागायचा अर्ज लिहायला घेतला. दोन्ही गिझर बंद, पंखे बंद, मग वीज जातेय कुठे?

उत्तर मिळालं फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. सकाळी लवकर गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. दिवसभर लख्ख ऊन होतं. पाचला सासूबाईंनी हाक मारली, "अगं, पाणी कोमट येतंय."

मी नळाखाली हात धरून उभी राहिले आणि पोटात गोळाच आला. दिवसभर ऊन होतं, वीज नव्हती, आणि पाणी कोमट. म्हणजे आमचा सोलर विजेवर चालत होता.

रात्री घरातलं सगळं बंद करून मीटरसमोर टॉर्च घेऊन उभी राहिले. मीटरवरचा लाल दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. एकेक एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा खटका, खाली पाडत गेले. जिन्यातल्या दिव्याचा पाडला आणि मीटरचं लुकलुकणं थांबलं. जिन्यात आमचा एक 9 वॅटचा बल्ब आहे.

सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो सोलर दुरुस्तीची कामं करतो. गच्चीवर येऊन पाच मिनिटं तो काही बोललाच नाही, मग म्हणाला, "बाई, आधी मला एक फोन नाही का करायचा?"

टाकीच्या बगलेला एक झाकण होतं आणि त्यातून एक वायर निघाली होती. बसवताना मी विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "सेन्सरची आहे, हात लावू नका." झाकणामागे विजेवर पाणी तापवणारी 2 किलोवॅटची कॉइल निघाली, थर्मोस्टॅट 60 अंशांवर लावलेला. जिन्याच्या दिव्याच्या बारक्या वायरवरून ती चोवीस तास चालू होती. वेगळा स्विच नाही. आणि अर्थिंग नाही. हे ऐकल्यावर मला पैशांचं दुःख राहिलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई रोज त्या पाण्याने आंघोळ करत होती.

बॅकअपची कॉइल असण्यात काही गैर नाही, पावसाळ्यासाठी बरेच जण बसवून घेतात. पण तिला खाली, डोळ्यांसमोर, दिवा असलेला वेगळा स्विच हवा. आमच्याकडे ती लपवली होती, कारण तिच्याशिवाय त्या सोलरमधून कढत पाणी आलंच नसतं. बसवल्या बसवल्या नळाला गरम पाणी आलं की गिऱ्हाईक गप्प बसतं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

का आलं नसतं, ते विद्यार्थ्याने एकेक करून दाखवलं. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. आमच्या पश्चिमेला होत्या, कारण तिकडून पाइप कमी लागला. त्यातही सकाळी अकरापर्यंत जिन्याच्या खोलीची सावली. पण खरा घोटाळा नळ्यांतच होता. ही नळी म्हणजे थर्मासच्या बाटलीसारखी दुहेरी काच, मधली हवा काढलेली. खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो. निर्वातपणा जाऊन हवा आत शिरली की तो लेप दुधासारखा पांढरा होतो आणि नळीत धरलेली उष्णता बाहेर निसटते. बसवल्यावर हे टोक खालच्या चौकटीतल्या प्लास्टिकच्या वाटीत लपतं, म्हणून कुणी बघत नाही. त्याने वाट्या सोडवल्या. अठरा नळ्यांपैकी नऊ पांढऱ्या.

"हात लावून बघा, बाई," तो म्हणाला. चांगली नळी भर उन्हातही बाहेरून गारच लागते, कारण उष्णता आतल्या पाण्यात जाते. पांढऱ्या टोकाच्या नळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

मग एक नळी उपसून त्याने बादलीत उलटी केली. मूठभर पांढरा क्षार पडला. आमच्याकडे बोअरचं पाणी, क्षार धरणारच. पण तो क्षार चिमटीत चुरडून म्हणाला, "हा तीन महिन्यांचा नाही. तीन वर्षांचा तरी असेल. कुणाच्या तरी गच्चीवरून उतरवलेल्या नळ्या आहेत."

चुंबकाचंही सांगते, कारण ही नाटकबाजी अजून सर्रास चालते. 304 ला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण 202 नावाच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही! दोन्हींत फरक करायला चुंबक निरुपयोगी. विद्यार्थ्याच्या पेटीत भंगारवाले वापरतात तसला एक द्रव आणि 9 व्होल्टची बॅटरी होती. नळी काढलेल्या भोकाच्या कडेला थेंब टाकून बॅटरी टेकवली. थेंब लाल झाला. लाल म्हणजे मॅंगनीज जास्त, म्हणजे 202. आमच्या क्षाराच्या पाण्यात ते किती वर्षं टिकेल, यावर तो फक्त हसला.

राहिले 200 लिटर. ते मी स्वतः मोजले, तेवढा हक्क माझा होता. टाकीचा बाहेरचा व्यास 46 सेंटिमीटर, लांबी 160. उष्णता धरणारा फोमचा थर चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर. म्हणजे आतली त्रिज्या 18, लांबी 150. वृत्तचितीचं घनफळ, दहावीची पोरंही तोंडी सांगतील: सुमारे 153 लिटर. खात्री म्हणून गार पाण्याचा व्हॉल्व बंद केला, खालच्या ड्रेनमधून टाकी रिकामी केली आणि 15 लिटरच्या बादल्या मोजल्या. दहा भरल्या, अकरावीच्या तळाशी थोडं. मग 200 कुठून आले? एकेका नळीत साधारण 3 लिटर पाणी मावतं, अठरा नळ्यांत 54. ते टाकीत धरून 200चा आकडा झाला. नळ्या टाकीच्या खाली असतात, त्यातलं पाणी तापून वर टाकीत चढतं तशी त्याची जागा टाकीतलं गार पाणी घेतं, म्हणून ते लिटर नळाला जास्तीचे मिळत नाहीत. "टाकी किती लिटरची, नळ्या सोडून?" एवढा एक प्रश्न मी विचारायला हवा होता.

मुलाचा फोन अर्थातच बंद. पावतीवरच्या पत्त्यावर नऱ्ह्यात गेलो तर गाळा रिकामा, शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "ते डिसेंबरातच गेले. तुम्ही पाचवे." ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक विचारला आणि मी गप्प. पोलीस चौकीत अर्ज दिला. जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नसतं आणि मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे "आता काय उपयोग" म्हणून बसून राहू नका. माझ्या हातात पुरावा म्हणाल तर फक्त मोबाइलवरून दिलेल्या 26,000ची नोंद. रोख दिलेले 20,000 मी दिले होते, हे मलाच सिद्ध करायचंय. बँकेत जाऊन पासबुकाच्या फोटोचंही सांगून आले. तिथला मुलगा म्हणाला, "ओटीपी दिला नाहीत ना? मग वाचलात."

सोलर मात्र आता चालतो. विद्यार्थ्याने चौकट फिरवून दक्षिणेला केली, सावलीतून बाहेर काढली, नऊ नळ्या नव्या घातल्या. कॉइलला जाड वायर, अर्थिंग आणि बाथरूमबाहेर दिवा असलेला स्विच. मार्चपासून तो स्विच लावायची वेळ आलेली नाही. एप्रिलचं बिल 104 युनिट. तीन माणसांना 153 लिटर भरपूर होतात, ते मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तेवढाच घेतला असता, पक्क्या बिलाने, तीस हजारांच्या आत.

सासूबाईंची एकच तक्रार आहे, की पाणी पूर्वीसारखं कढत येत नाही.

काढलेल्या नऊ नळ्या जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. आयोगात तारखेला न्याव्या लागतील. तोवर आसपासच्या कुणाला पांढरं टोक कसं दिसतं ते बघायचं असेल तर दुपारी चारनंतर या, मी घरीच असते.